पट्टीला दिलेली हवा

मिस्त्रींच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी, लग्नाला चार महिने होतात न होतात तोच, जावई कारखान्यात कामाला लागला. लग्नात ज्यांनी त्याला हात जोडून ‘या, बसा’ केलं होतं, तीच माणसं आता त्याला ‘जरा सरका, ट्रॉली जाऊ द्या’ म्हणू लागली. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मिस्त्रींना.

जावई आला तो मिस्त्रींमुळेच. आधी तो दूरच्या मोठ्या शहरात एका प्रयोगशाळेत होता, आगगाडीने बारा तासांवर. लग्न ठरलं तेव्हा मुलगी तिकडे जाणार हे सगळे धरूनच चालले होते, आणि मिस्त्रींनीही ‘जाणारच की’ म्हणून मान डोलावली होती. पण बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात बाप-लेक दोघंच. मुलीचं सामान बांधायला काढलं त्या दिवशी ते भरल्या ताटावरून तसेच उठले. दुसऱ्या दिवशी ते मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, की आपण रोलरवर चढवलेला थर अधूनमधून सालीसारखा सुटतो, त्याचं कारण स्वतःच्या यंत्राने शोधून देणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. ओळखीचा म्हणजे कोण, हे सांगताना मात्र त्यांची जीभ अडखळली.

मालकीणबाई मोठ्या धोरणी. नवरा गेल्यावर कारखाना बंद पडणार म्हणून लोक बघत बसले होते, ते अजून बघतच बसले होते. बाई हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. म्हणाल्या, यंत्र तो स्वतःचं आणतोय तर आणू दे, सहा महिने बघू. या सहा महिन्यांत साल सुटणं थांबलं तर कायम. नाही थांबलं, तर यंत्र त्याचं त्याला आणि रस्ता त्याचा त्याला.

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. त्या सहा महिन्यांचा मिस्त्रींच्या लेखी अर्थ एवढाच होता, की पोर यापुढे दोन गल्ल्यांवर राहते की बारा तासांवर.

कारखान्याचं काम होतं झिजलेल्या लोखंडाला पुन्हा अंग आणायचं. रोलर, दांडे, पंपाचे आस. वर्षानुवर्षं फिरून झिजलेले यायचे. त्यांचा पृष्ठभाग आधी खरखरीत दाण्यांचा मारा करून ओरखडून घ्यायचा, मग ते लेथवर चढवून गरगर फिरवायचे आणि वितळलेल्या धातूचा फवारा त्यांच्यावर मारायचा. फवारा मारायची ती गन. तिच्यात मागून दोन तारा सरकत यायच्या, तोंडाशी एकमेकींना भिडून वितळायच्या आणि हवेच्या जोराने त्यांचे थेंब उडून रोलरवर जाऊन चपटे व्हायचे. थरावर थर बसायचे. पुरेसा जाड झाला की ठोक्याच्या ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करायचा. ठोक्या म्हणजे ग्राइंडरवाला. हातात येईल ती वस्तू नाण्याने ठोकून तिचा आवाज ऐकायची त्याला खोड होती, म्हणून ठोक्या.

मिस्त्रींनी चौतीस वर्षं ती गन धरली होती. उजव्या हातात गन, डाव्या हातात गार हवेची नळी. गन पुढे, हवा मागे. रोलर फार तापू द्यायचा नाही, यात सगळी हुशारी. फिरत्या रोलरला मोजणीची तार लावून त्याचं तापमान घेता येत नाही, म्हणून मिस्त्री दर थोड्या वेळाने हाताची मागची बाजू रोलरजवळ नेत आणि गालावरची माशी हाकलावी तसा हात मागे घेत. तेवढ्यात त्यांना कळे, थांबायचं की पुढे जायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनाही कुणाला शिकवता आलं नव्हतं.

जावयाचं यंत्र बघायला गेलं तर फार मोठं नव्हतं. एक चौकट, तिच्यात वीतभर लांबीची, नखाएवढ्या जाडीची पोलादाची पट्टी, दोन्ही टोकांना सैल धरलेली. पट्टीच्या मागे तीन बारीक लाल किरण आणि उष्णता मोजणाऱ्या दोन तारा. ही चौकट रोलरच्या शेवटी, गनपासून त्याच्याइतक्याच अंतरावर उभी करायची. गन रोलरवरून जाता जाता पट्टीवरूनही जायची आणि मागे फिरायची. जे रोलरला तेच पट्टीला. रोलर जाडजूड, तो बिचारा काही बोलत नाही. पट्टी पातळ, तिच्या पोटात काही राहत नाही.

पहिल्या दिवशी जावयाने मिस्त्रींना हे समजावून सांगितलं ते असं. प्रत्येक थेंब पडतो तेव्हा गरम असतो, निवताना आखडतो. पण खालच्याने त्याला धरलेलं असतं, त्यामुळे पूर्ण आखडता येत नाही. मग तो ओढ धरून बसतो. असे लाखो थेंब, लाखो ओढी. त्या आतच राहतात. थर जाड झाला, किंवा अंग फार तापलं, की ओढ वाढते, आणि एक दिवस कडेला साल सुटते. पट्टीवर ही ओढ बसली की पट्टीची टोकं गनकडे वळतात आणि मधला भाग मागे सरकतो, वाळत्या पानासारखा. तो किती सरकला ते किरण सांगतात. पडद्यावर रेघ वर चढते.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे रोलरच्या पोटात दुखतंय हे पट्टीच्या तोंडावर दिसणार.”

“अगदी तसंच,” जावई म्हणाला.

अडचण यंत्राची नव्हती. अडचण होती ती बोलावं कसं याची. घरी जावई त्यांना मामा म्हणायचा. कारखान्यात सगळ्यांच्या देखत मामा म्हणणं बरं दिसेना आणि नुसतं मिस्त्री म्हणायला जीभ रेटेना, त्यामुळे तो बरेचदा काहीच म्हणायचा नाही, नुसता येऊन बाजूला उभा राहायचा. मिस्त्री घरी ‘जावईबापू’ म्हणायचे आणि इथे ‘अहो’वर भागवायचे. ‘अहो, ती चौकट जरा अलीकडे घ्या.’ ‘अहो, तुमची तार लोंबतेय.’ ठोक्याने दुसऱ्याच दिवशी सगळ्या खात्याला सांगितलं, की मिस्त्री आणि त्यांचा जावई नवराबायकोसारखे एकमेकांना अहो म्हणून बोलतात. मिस्त्री चुकून पट्टीला धक्का लागला तरी ‘माफ करा’ म्हणत, तेही पट्टीलाच की जावयाला, ते कळत नसे.

पहिला महिना सुरळीत गेला. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी मालकीणबाई स्वतः पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री एका मध्यम रोलरवर काम करत होते. कानावर टोप, डोळ्यांवर काळी काच, गनचा आवाज असा की बाजूला ढोल बडवला तरी कळू नये. पण काचेच्या भिंतीपलीकडे बाईंचा चेहरा त्यांना दिसत होता. रेघ चढत होती. बाईंच्या भुवयाही तिच्याबरोबर चढत होत्या. जावई हाताने काहीतरी समजावत होता, आणि समजावणाऱ्याच्या हातावरूनच ओळखू येतं की समोरच्याला पटत नाहीये.

गन पट्टीवर आली. मिस्त्रींच्या डाव्या हातातली हवेची नळी जरा रेंगाळली. चारपाच सेकंद. मुद्दाम केलं का, हे त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर नाही म्हटलं असतं. पण रेघ बसली. बाईंच्या भुवया खाली आल्या. पुढच्या फेरीला हात पुन्हा रेंगाळला, आणि या वेळी त्यांना ते माहीत होतं.

मग ती सवय झाली. रोज काही ते ठरवून करत नव्हते. घरी पाहुणा आला की चांगली खुर्ची त्याच्याकडे सरकवावी, तसा हात आपोआप जाई. पट्टी जावयाची. तिच्यात काही वावगं दिसलं तर नाव जावयाचं. तिला चार सेकंद गार हवा जास्त मिळाली तर कुणाचं काय बिघडतं? हवा मात्र नळीत तेवढीच होती. पट्टीला जास्त गेली ती रोलरच्या वाट्याची. आणि पट्टीकडे लक्ष राहायला लागल्यापासून हाताची मागची बाजू रोलरपाशी न्यायचंही कमी झालं. हे मात्र मिस्त्रींच्या ध्यानात आलं नाही. त्या काळातले बहुतेक रोलर पातळ थराचे होते, निभावून गेले.

ठोक्याच्या नजरेतून काही सुटत नसे. तो एकदा डबा खाताना म्हणाला होता, “काय मिस्त्री, आज पट्टीला वारा घालताय. उद्या पाय चेपून द्याल.”

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. जावई हसला नाही. त्याला विनोद कळला नाही असं मिस्त्रींना वाटलं.

पाचव्या महिन्यात कागदाच्या गिरणीचा रोलर आला. दोन माणसांच्या लांबीचा, आणि एका टोकाला इतका झिजलेला की दोन मिलिमीटरचा थर चढवणं भाग होतं. तेही कडक पोलादाच्या तारेने, जी निवताना सगळ्यात जास्त ओढते. गिरणी जुनं गिऱ्हाईक होती. मागच्या वर्षी तिचाच एक रोलर साल सोडून परत आला होता. बाईंनी जावयाला बोलावून सांगितलं, की हा रोलर म्हणजे तुमचे सहा महिने समजा.

हे घरी मुलीने मिस्त्रींना सांगितलं. ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन यायची. गोळ्या मोजून डबीत टाकता टाकता म्हणाली, “ते रात्रभर कूस बदलत होते. तुम्ही तरी झोपा नीट.”

मिस्त्री म्हणाले, झोपतो की.

शनिवारी सकाळी सातला काम सुरू झालं ते दोन वाजेपर्यंत चाललं. मिस्त्री मध्ये दोनदा पाणी प्यायले, एकदा त्यांनी खांदा दाबून घेतला. चौतीस वर्षांत इतकं जीव ओतून काम केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण जीव अर्धाच रोलरवर होता. अर्धा पट्टीवर. दर फेरीला गन पट्टीवर आली की डावा हात तिथे थांबायचा, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि मगच निघायचा. पडद्यावरची रेघ इतकी शहाण्यासारखी चालली होती की जावयाने काचेपलीकडूनच अंगठा वर करून दाखवला. रोलर मात्र त्या वेळी किती तापला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक असायचं त्याचा हात दुसरीकडे गुंतला होता.

जावयाने कागदावर ‘योग्य’ असं लिहून सही केली.

सोमवारी ठोक्याने रोलर ग्राइंडरवर घेतला. तासाभराने ग्राइंडर बंद झालं. यंत्र मध्येच बंद झालं की सगळे माना वळवतात, तशा वळल्या. ठोक्या खिशातलं नाणं काढून रोलरच्या झिजलेल्या बाजूच्या कडेला ठोकत होता. टण, टण, टण, आणि मग ठप. पुन्हा ठप. तीन बोटं रुंद आणि वीतभर लांब असा पट्टा आतून सुटला होता. कडेला नख जाईल एवढी फट दिसत होती. ठोक्याने त्या दिवशी विनोद केला नाही. तो नुसता म्हणाला, “मिस्त्री, या इकडे.”

मालकीणबाई आल्या, वाकून फट बघितली, पडद्यावरची शनिवारची रेघ बघितली, आणि आवाज न चढवता बोलल्या. रोलर सुटलाय. रेघ म्हणते काही झालं नाही. म्हणजे एकतर हात चुकला, नाहीतर यंत्र. बुधवारी सकाळी मला लेखी पाहिजे. खोटं सांगणारं यंत्र मला फुकटातही नको. एवढं बोलून त्या गेल्या. हात चुकला असेल असं त्यांनी म्हटलं खरं, पण मिस्त्रींकडे बघितलंसुद्धा नाही. चौतीस वर्षांच्या हाताबद्दल कुणाला शंका येत नव्हती. त्यामुळे उरलं कोण, हे सगळ्यांना कळलं.

त्या दिवशी दुपारी जावयाने मिस्त्रींना पडद्यासमोर बोलावलं. शनिवारच्या नोंदी उघडल्या होत्या. वाकाची रेघ वेगळी आणि पट्टीची उष्णता दाखवणारी वेगळी. ही दुसरी रेघ मिस्त्रींनी आधी कधी नीट पाहिली नव्हती. ती करवतीच्या दातांसारखी होती. गन पट्टीवर आली की वर, गेली की खाली. पण प्रत्येक दात पडताना एका बाजूला एकदम तुटल्यासारखा खाली गेलेला होता. एकूण दीडशेच्या वर दात, आणि सगळे तसेच.

मिस्त्रींनी एका दाताकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. त्यांना त्यात आपला डावा हात दिसला. एक, दोन, तीन, चार, पाच. आपल्या हाताची खूण अशी कुणी कागदावर काढून ठेवील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

जावई पडद्याकडेच बघत होता. म्हणाला, “पट्टी मध्ये मध्ये एकदम निवलीय. कुठून तरी हवा लागत असणार. एखादा पाइप गळत असेल.”

“असेल,” मिस्त्री म्हणाले.

“जुने पाइप आहेत.”

“हो, जुने आहेत.”

गळणारा पाइप अखंड गळतो, तो पाच सेकंद मोजून थांबत नाही. हे जावयालाही कळत होतं आणि जावयाला कळतंय हे मिस्त्रींनाही कळत होतं. त्याने दार उघडून दिलं होतं, मिस्त्रींनी त्यातून निघून जावं म्हणून. आणि मिस्त्री निघून गेले. तोंड धुतलं, डबा उचलला, फाटकातून बाहेर पडले. दोन गल्ल्यांवरच्या घरासमोरून जाताना त्यांनी मान वर केली नाही.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी गोळ्या घेऊन आली ती रिकामी खोकी मागायला. दुकानातून चारपाच आणली होती, आणखी लागणार होती. तिने बसून सगळं सांगितलं. जावयाने कागद लिहून ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की यंत्राच्या मांडणीत दोष होता, चौकट हवेच्या वाटेत आली, चूक माझी. जुन्या प्रयोगशाळेत फोनही केला होता. ते घेतील म्हणाले.

“मी म्हटलं, बाबांना विचारा तरी, त्यांना काही ठाऊक असेल,” मुलगी म्हणाली. “तर मलाच ओरडले. म्हणाले, त्यांचं नाव यात येता कामा नये. पहिल्यांदाच ओरडले हो.”

मिस्त्री खाटेवर बसले होते. समोर भिंतीला टेकून खोकी उभी होती. मुलगी जायला उठली तेव्हा म्हणाले, खोकी इथेच राहू दे, उद्या बघू.

ती रात्र त्यांना फार जड गेली. एका बाजूला अगदी सोपं होतं. गप्प राहायचं. गन हातात राहील, नाव राहील, आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षं पूर्वीच्या चौतीस वर्षांसारखीच जातील. मुलगी मात्र जाईल. दुसऱ्या बाजूला बोलायचं. मुलगी राहील कदाचित, पण गन जाईल, कारण बाई ज्या हातावर विश्वास नाही त्याच्याकडे गन ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. मुलीला जवळ ठेवायलाच तर हे सगळं केलं होतं. आणि त्याच करण्याने तिची खोकी भरायची वेळ आली होती. एवढा विचार झाल्यावर मिस्त्रींना स्वतःचाच राग आला, आणि राग आल्यावर त्यांना झोप लागली.

बुधवारी सकाळी बाईंच्या टेबलावर जावयाचा कागद होता. त्या चष्मा लावत होत्या तेवढ्यात मिस्त्री आत आले. म्हणाले, “बाई, तो कागद वाचायच्या आधी दहा मिनिटं खाली चला. दोन पट्ट्या मारून दाखवायच्या आहेत.”

जावई खुर्चीतून अर्धा उठला. “मामा, त्याची गरज नाही.”

कारखान्यात तो पहिल्यांदाच मामा म्हणाला होता. मिस्त्री त्याला म्हणाले, “तुम्ही चौकट लावा.”

चौकट लागली. रोलर नाही, नुसती पट्टी. मिस्त्रींनी पहिल्या पट्टीवर तीस फेऱ्या मारल्या, नेहमीसारख्या, गन आणि मागोमाग हवा, न थांबता. रेघ चढत चढत वर गेली. पट्टी काढून टेबलावर ठेवली तर टोकं टेबलापासून उचललेली, खालून पेन्सिल सरकावी अशी. मग दुसरी पट्टी. तितक्याच फेऱ्या, तीच तार, पण दर फेरीला डावा हात थांबवून. ती टेबलावर जवळजवळ सपाट बसली. ठोक्याने सवयीने दोन्हींना नाणं लावून बघितलं आणि नाणं खिशात टाकलं.

मिस्त्रींनी काळी काच कपाळावर सरकवली. “यंत्र खोटं बोललं नाही, बाई. पट्टीला मी लाडावलं. रोलरच्या तोंडची हवा काढून तिला घातली. ती सपाट राहिली आणि रोलर तापला. पाइपबिप काही गळत नव्हता.”

“कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही त्या दिवशी येऊन उभ्या राहिलात तेव्हापासून. तीन महिने.”

“म्हणजे तीन महिन्यांतले सगळे रोलर.”

“सगळे.”

बाईंनी का केलंत असं विचारलं नाही. त्यांनी एकदा जावयाकडे बघितलं, एकदा मिस्त्रींकडे, आणि त्यांना ते न विचारताच कळलं असावं. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, माझ्या नवऱ्याने ही गन पहिल्यांदा तुमच्याच हातात दिली होती. तो असता तर त्याला हे सांगणं मला जड गेलं असतं. तो नाही, ते बरं आहे.”

मिस्त्रींना हे शिवीपेक्षा जास्त लागलं.

बाईंनी तिथल्या तिथे तीन गोष्टी सांगितल्या. गन आता हातात राहणार नाही. लेथला सरकता हात बसवायचा, तो गन नेईल आणि हवाही नेईल, रोलरला जेवढी तेवढीच पट्टीला. फिरत्या रोलरची उष्णता लांबून मोजणारं उपकरण घ्यायचं. आणि तीन महिन्यांत गेलेले अकरा रोलर एकेक करून तपासायचे. गिऱ्हाइकांना तसं कळवायचं, लपवायचं नाही. ही सगळी व्यवस्था जावई बघेल. मिस्त्री दाण्यांच्या खात्यात जातील, पृष्ठभाग ओरखडायला. जावयाचा कागद त्यांनी न वाचता परत केला.

त्या गेल्यावर ठोक्याही काही न बोलता आपल्या यंत्राकडे गेला. त्याच्याकडून एवढी मोठी मेहरबानी मिस्त्रींना आजवर मिळाली नव्हती.

जावई चौकटीचे स्क्रू सैल करत होता. पाठमोराच म्हणाला, “मला एकट्याला सांगितलं असतंत तर काहीतरी वाट काढली असती.”

“तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत? दात बघून तुम्हाला सोमवारीच कळलं होतं.”

“मी कसा सांगणार? तुम्ही मामा.”

“आणि मी कसा पट्टी वाकू देणार? तुम्ही जावई.”

जावई वळला. त्याला हसावं की रागवावं ते कळत नसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. शेवटी तो म्हणाला, की यापुढे कारखान्यात मी तुम्हाला मिस्त्रीच म्हणणार. आणि पट्टीला कुणी हात लावला तर कुणाचीही पर्वा न करता ओरडणार. मिस्त्री म्हणाले, ओरडा. पण घरी तिच्यावर ओरडू नका. काल पोर मनाला लावून घेऊन बसली होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. अकरा रोलरांपैकी दोनांच्या कडा ठोकल्यावर पोकळ वाजल्या, ते परत आणून नव्याने केले. कागदाच्या गिरणीचा रोलर पूर्ण सोलून पुन्हा मिस्त्रींच्या हाताखाली आला, ओरखडायला. त्यांनी तो दिवसभर खपून असा ओरखडला की सरकत्या हाताने मारलेला थर त्याला घट्ट धरून बसला. पट्टी त्या वेळी बरीच वाकली. जावयाने ती वाकू दिली. वाक हद्दीच्या जवळ आला तसं काम थांबवून रोलर निवू दिला, मग पुढे गेला. असं चारदा. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. बाईंनी गिरणीला तसं कळवलं.

सरकता हात कामाला चांगला होता, पण काही आड कोपऱ्यांत त्याची गन पोचायची नाही. दोनदा बाईंनीच निरोप पाठवला, की या कोपऱ्यापुरती मिस्त्रींनी गन धरावी. दोन्ही वेळा मिस्त्रींनी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी जावई स्वतः विचारायला आला. मिस्त्री दाण्यांच्या पोशाखात होते, तोंडावरची जाळी वर करून म्हणाले, “माझ्या हाताला आता कुणाकडे बघायची सवय लागलीय. ती जात नाही. कोपरा दुसऱ्या कुणाला शिकवा.”

शिकवलं. ज्याला शिकवलं त्याच्या पहिल्या चार पट्ट्या खूप वाकल्या, पाचवी कमी वाकली.

मुलगी दोन गल्ल्यांवरच राहिली. खोकी महिनाभर मिस्त्रींच्या खोलीत पडून होती, मग त्यांत जुने कपडे भरले गेले. त्या वर्षी सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी जावई कायम झाला. घरी येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा मिस्त्री डाव्या हाताने चहाचा कप धरून बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि बरं झालं म्हणाले.

निवृत्तीनंतर ते फारसे कारखान्याकडे फिरकले नाहीत. ठोक्या कधीमधी यायचा, खाटेच्या लोखंडी पायाला नाणं ठोकून बघायचा, अजून घट्ट आहे म्हणायचा. शेवटच्या वर्षी चालणं कमी झालं तशी मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं. जावई संध्याकाळी घरी आला की त्यांना त्या दिवशीच्या पट्टीचा वाक सांगायचा, आकडा सांगायचा, आणि ते नुसती मान हलवायचे. कधी म्हणायचे, जास्त आहे. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

मिस्त्री मुलीच्या लग्नानंतर अकराव्या वर्षी, एप्रिलच्या सतरा तारखेला, शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, मुलीच्या घरी वारले. वय सत्तर होतं. मुलगी जवळ होती, जावई कामावर होता. त्याला निरोप गेला तेव्हा एक रोलर निम्मा झाला होता. रोलर पूर्ण निवेपर्यंत थांबून मग जावई घरी आला.